आधी पान, मग अक्षर

दिवाळी सरली की आमच्या भागातून दोन प्रकारची माणसं बाहेर पडतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यापाशी मुकादमाच्या उचलीचा हिशेब सोडला तर कागद फारसा नसतो. दुसरी असतात ती त्यांचीच शिकलेली पोरं. ती चाकण, रांजणगाव, भोसरी नाहीतर वाळूजच्या एमआयडीसीची वाट धरतात. निघण्याआधी अंबाजोगाईच्या बसस्थानकाजवळच्या आमच्यासारख्या दुकानात थांबून बायोडाटाच्या चार-सहा प्रती काढून घेतात. गाडी फलाटाला लागलेली असते, मोबाइल कानाला असतो, आणि मागणी बहुतेक वेळा एकच असते: “ताई, एका पानात बसवा. अन् पान भरल्यासारखं दिसू द्या.”

टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असं सगळं एका फळीवर लिहिलेल्या दुकानात माझी बरीच वर्षं गेली. अर्ज आले, शपथपत्रं आली, लग्नपत्रिकांचे मजकूर आले. पण पान मांडणं म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थानं शिकवलं ते बायोडाटानं. शपथपत्राचा साचा ठरलेला असतो. लग्नपत्रिका कशीही सजवली तरी पाहुणे जेवायला येतातच. बायोडाटा मात्र अशा माणसाच्या हातात जातो, ज्याला आपलं नावही ठाऊक नसतं आणि ज्याच्यासमोर तसलेच शेकडो कागद पडलेले असतात.

गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष अक्षरांकडे असतं. नाव ठळक हवं, खाली रेघ हवी, जमलं तर वर गणपती हवा. नोकरीच्या बायोडाटावर गणपती कशाला, असं विचारलं तर पोरगं ओशाळतं. लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच दुकानात, एकाच संगणकावर होतो, त्यामुळे एकाची सवय दुसऱ्यात उतरते. नोकरीच्या कागदावर ‘वर्ण – गोरा’ आणि ‘मामाचं आडनाव’ लिहून आणणारे मी पाहिलेत. मी मात्र पहिलं अक्षर टाइप करायच्या आधी दोन गोष्टी विचारते. हा कागद कुठं जाणार? आणि तिथं तो हातात धरणार की मोबाइलवर बघणार? तेवढं कळल्याशिवाय पानाचं माप आणि समास ठरत नाहीत.

ही सवय टाइपरायटरनं लावली. टायपिंगच्या क्लासात पहिला धडा बोटांचा असला तरी मशीनसमोर बसल्यावर पहिलं काम समासाचं असायचं. कागद रुळात सरळ घ्यायचा, डावीकडची आणि उजवीकडची खूण सरकवून पक्की करायची, मग बटणाला हात लावायचा. उजवा समास जवळ आला की घंटी वाजायची. हातातला शब्द पूर्ण करायचा की तोडायचा, हे त्या घंटीनंतरच्या पाच-सात अक्षरांत ठरवावं लागे. परीक्षेत पत्र आणि तक्ता टाइप करायला येई, तेव्हा वेगाइतकीच मांडणीही बघितली जाई. पुढे शासनाची टायपिंग परीक्षा संगणकावर आली, घंटी गेली. संगणक ओळ आपोआप खाली नेतो, त्यामुळे पान संपतंय याची चाहूलच लागत नाही. दुसरं पान गुपचूप उघडतं आणि त्यावर शेवटच्या दोन-तीन ओळी जाऊन बसतात.

त्या शेवटच्या ओळी कुठल्या असतात, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी व बरोबर आहे.’ खाली ठिकाण, दिनांक, सही. सगळा बायोडाटा एका पानावर आणि सही एकटी दुसऱ्या पानावर! अशा बायोडाटाचं दुसरं पान टाचणीतून सुटलं की पहिल्या पानाला सहीच उरत नाही.

याचं कारण बऱ्याचदा मजकुरात नसतं, पानाच्या मापात असतं. वर्ड बसवताना भाषा-प्रदेश अमेरिकेचा राहिला तर नवी फाइल ‘लेटर’ मापाची उघडते. हे माप साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. आपल्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये मात्र ए-फोर कागद असतो, २१० बाय २९७ मिलिमीटरचा. म्हणजे फाइलमधलं पान खऱ्या कागदापेक्षा रुंदीला जवळपास ६ मिलिमीटर जास्त आणि लांबीला १७.६ मिलिमीटर कमी. आता चारही बाजूंना एक इंच समास ठेवून असलं पान ए-फोरवर त्याच मापात छापलं, तर उजवीकडे दोन सेंटिमीटरच्या आत जागा राहते आणि खाली चार सेंटिमीटरहून जास्त मोकळी पडते. डोळ्यांना कागद वाकडा वाटतो, पण का ते सांगता येत नाही. खालच्या त्या वाढीव १७ मिलिमीटरमध्ये बारा पॉइंटच्या तीन ओळी सहज मावतात. ठिकाण, दिनांक आणि सही दुसऱ्या पानावर ढकलली गेली, ती नेमकी या तीन ओळींच्या जागेसाठी.

आमच्या दुकानांतले साधे प्रिंटर याबाबत कुरकुर करत नाहीत. फाइल लेटरची, कागद ए-फोरचा, तरी ते निमूट छापून देतात. म्हणून चूक कुणाला दिसत नाही, आणि एकदा सेव्ह केलेला बायोडाटा दोस्तांच्या पेन ड्राइव्हमधून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर फिरतो. नाव, गाव, टक्केवारी बदलत जाते. पानाचं चुकीचं माप तेवढं वारशानं पुढं जातं.

‘लीगल’चा घोळ याहून मजेशीर आहे. संगणकातलं लीगल म्हणजे साडेआठ बाय चौदा इंच, लांबी ३५५.६ मिलिमीटर. बाजारात लीगल म्हणून आपल्याला मिळणारा रीम बहुधा २१५ बाय ३४५ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फुलस्केपच्या वळणाचा. एक सेंटिमीटरभर लांबी कागदात नाहीच. शपथपत्राची शेवटची ओळ कापली गेली की प्रिंटर बिघडला म्हणून त्याला थापडा मारणारे आहेत. कोर्टाच्या कामात कित्येक वर्षं हाच लांब कागद चालायचा, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना नोकरीचा अर्जही त्यावरच भारदस्त वाटतो. पण सर्वोच्च न्यायालयानंच १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद ठरवून दिला. किमान ७५ जीएसएम, दोन्ही बाजूंना छपाई, १४ पॉइंटचा टाइप, दीडपट ओळ, डाव्या-उजव्या बाजूंना ४ सेंटिमीटर आणि वर-खाली २ सेंटिमीटर समास. देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय समास सेंटिमीटरमध्ये मोजून सांगतं, ही गोष्ट मी पोरांना आवर्जून सांगते. मग ती पान भरायचा हट्ट जरा सोडतात.

ए-फोरचा हिशेब ज्यानं बसवला त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून १९२२ साली ही मापं प्रमाण म्हणून आली आणि १९७५ मध्ये ती आंतरराष्ट्रीय झाली. सगळ्यात मोठा ए-झिरो बरोबर एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा. तो अर्धा केला की ए-वन, पुन्हा अर्धा की ए-टू, असं चार वेळा केल्यावर ए-फोर. दर वेळी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. झेरॉक्स मशीनवर बसणाऱ्या पोराला वर्गमूळ येत नसलं तरी ए-थ्रीचं ए-फोर करायला ७० किंवा ७१ टक्के आणि उलट मोठं करायला १४१ टक्के, हे त्याच्या बोटांना पाठ असतं. लांब कागदावरची गुणपत्रिका ए-फोरमध्ये आणायची तर ८६ टक्के. बायोडाटासोबतचे सगळे कागद एकाच मापाचे दिसावेत म्हणून मी हे करून देते. एक कागद फाइलबाहेर डोकावत असला की तोच आधी चुरगळतो.

समासाचं शास्त्र मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, पंचिंग मशीननं शिकवलं. दोन भोकांच्या पंचचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं आहे. भोकांच्या मध्यांमध्ये ८० मिलिमीटर अंतर, कागदाच्या कडेपासून भोकाचा मध्य १२ मिलिमीटरवर आणि भोक साधारण ६ मिलिमीटरचं. म्हणजे डावीकडचे १५ मिलिमीटर पंच खाऊन टाकतो. त्यात लेस ओवून फाइल बांधली की कागदाची आणखी थोडी पट्टी दाबली जाते. ‘नॅरो’ समास निवडला तर वर्ड चारी बाजूंना १२.७ मिलिमीटरच जागा सोडतं. अशा बायोडाटाला ठेकेदाराच्या ऑफिसात भोक पडलं की ‘जन्मतारीख’मधला ‘ज’ जातो, ‘शिक्षण’मधला ‘शि’ जातो. म्हणून डावा समास अडीच सेंटिमीटरच्या खाली मी सहसा आणत नाही. उजवीकडे आणि वर-खाली दोन सेंटिमीटर पुरतात.

दुसरा शिक्षक म्हणजे झेरॉक्स. लेझर प्रिंटर कडेची चार-पाच मिलिमीटर पट्टी मुळातच छापत नाही. झेरॉक्स मशीनही कडेला थोडं सोडतं, शिवाय काचेवर कागद जरासा तिरका पडतो. पोरगं आमच्याकडून एक प्रत नेतं, पुण्यात त्याची झेरॉक्स काढतं. मजूर पुरवणारा माणूस त्या झेरॉक्सची झेरॉक्स कंपनीत देतो. तिसऱ्या पिढीला कडेवरचं अक्षर राहत नाही. आपण बघतो ती पहिली प्रत स्वच्छच असते, म्हणून हे लक्षात येत नाही.

फोटोचंही तसंच. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, जागा उजवीकडे वर. ती आधीच राखली नाही तर शेवटी फोटो मजकुरावरच चिकटतो आणि नेमका मोबाइल नंबर त्याखाली जातो. स्टेपलरची पिनही त्याच कोपऱ्याच्या आसपास बसते. ज्या नंबरवर बोलावणं येणार, तो पानाच्या सगळ्यात धोक्याच्या जागेवर लिहायचा आणि मग ‘कुणी फोनच केला नाही’ म्हणायचं! मी नंबर डावीकडे, नावाच्या लगेच खाली घेते आणि बारा पॉइंटच्या खाली उतरवत नाही.

मुलाखत घेणारा माणूस समासात लिहितो, हेही मला परत आलेल्या कागदांवरून कळलं. बायोडाटा सुधारून घ्यायला पोरं जुनी प्रत घेऊन येतात, तर तिच्या कडेला पेनानं काहीतरी खरडलेलं असतं. ‘सेकंड शिफ्ट चालेल’, ‘सोमवारी जॉइन’, कधी नुसतं प्रश्नचिन्ह. जागा असेल तर माणूस लिहितो. लिहिलेला कागद ढिगात वेगळा ओळखू येतो. काठोकाठ भरलेल्या पानावर त्याला टेकायलाही जागा मिळत नाही.

मजकूर एका पानात बसत नसेल तर काय करायचं? बहुतेक जण आधी समास कमी करतात, मग अक्षर नऊ पॉइंटवर आणतात. मी उलट्या टोकानं सुरुवात करते. आधी ओळी गाळते. नावात वडिलांचं नाव असतंच, ते खाली पुन्हा कशाला? ‘राष्ट्रीयत्व – भारतीय’ हे चाकणच्या कंपनीला सांगावं लागत नाही. ‘आवड – क्रिकेट, वाचन, गाणी ऐकणे’ ही ओळ मी आजवर इतक्यांदा टाइप केलीय की आख्खा जिल्हा वाचन करत असेल असं वाटावं. एवढं काढूनही जागा कमी पडली तर परिच्छेदांमधलं अंतर, नंतर अक्षर बारावरून अकरावर. समासाला हात सगळ्यात शेवटी.

ओळी गाळताना कधी कधी नवी ओळ सापडते. एक आयटीआय झालेला पोरगा ‘अनुभव – नाही’ असं लिहून घेऊन आला होता. बोलता बोलता कळलं, बारावीपासून दर हंगामात तो आईबापाबरोबर कारखान्यावर जायचा, टोळीच्या खेपांच्या वजनाच्या पावत्या सांभाळायचा, मुकादमाचा हिशेब लिहायचा, अडला-नडला ट्रॅक्टरही नीट करायचा. मी म्हणलं, हे टाक. तो लाजला. “ताई, हे काय अनुभवात मोडतं का?” मी दोन ओळी घातल्या: ऊसवाहतुकीच्या खेपांची नोंद व हिशेब, ट्रॅक्टरची प्राथमिक दुरुस्ती. ‘आवड’ काढून ती जागा केली. आमच्या जिल्ह्यात ज्या कामावर घरं चालतात, ते काम कागदावर लिहायची लाज वाटते आणि न खेळलेलं क्रिकेट लिहायला वाटत नाही.

याच्या उलटही घडतं. पदवी नुकतीच झालेल्या मुलीकडे सांगण्यासारख्या सात-आठ ओळीच असतात. एमएस-सीआयटी, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचं टायपिंग, एखादं एनएसएसचं शिबिर. तिलाही पान भरून हवं असतं. अक्षर सोळाचं करून, ओळींत दुप्पट अंतर टाकून ते भरताही येतं. पण वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की माल थोडा आणि टोपली मोठी. मी अक्षर बाराच ठेवते, समास अडीचचे ठेवते आणि खालचं पान मोकळं सोडते. ‘अर्धं पान कोरंच की हो’ असं मुलीचे वडील म्हणतात, तेव्हा सांगते, काका, ती बावीस वर्षांची आहे, कोरं असायचंच. सगळ्यांना पटत नाही. काही जण समोरच्या दुकानात जातात.

मराठीत बायोडाटा करायचा असला की हिशेब थोडा बदलतो. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार-ऋकार. इंग्रजीत एकपट ओळ चालते, तिथं मराठीत मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. त्यामुळे सव्वापटीच्या आसपास अंतर द्यावं लागतं, म्हणजे तोच मजकूर जास्त जागा घेतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली फाइल ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथं उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून टायपिंग युनिकोडमध्ये करायचं आणि पाठवताना पीडीएफ. वर्डची फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात आणि एका पानाची दोन पानं होतात. पीडीएफ छापतानाही ‘फिट’ न निवडता ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडावं, नाहीतर मोजून ठेवलेला समास प्रिंटर आपल्या मर्जीनं बदलतो.

पानाच्या मापाचा विषय निघाला की आमच्या अंबाजोगाईच्या माणसाला दासोपंत आठवल्याशिवाय राहत नाहीत. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. ‘गीतार्णव’ लिहिणाऱ्या या कवीनं ‘पंचीकरण’ कागदावर नाही, कापडाच्या पासोडीवर लिहिलं. जवळपास ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती पासोडी. आमच्या गावाला त्या कापडाचा अभिमान आहे आणि तो असावाच. ज्याच्याकडे सांगायला तेवढं आहे, त्यानं पानही तेवढं घ्यावं. आपल्याला मात्र सांगायचं असतं ते अनोळखी माणसाला, त्याच्या घाईत, त्याच्या फाइलीत मावेल एवढंच. दासोपंतांनी लिहिण्यासाठी पान निवडलं. आपण वाचणाऱ्यासाठी निवडायचं, एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ.

आता बरेच अर्ज ऑनलाइन भरले जातात. तरी कंपनीच्या गेटवर, ठेकेदाराच्या टेबलावर, रोजगार मेळाव्याच्या मांडवात अजून कागदच मागतात, आणि मेळाव्यात एकाच पोराला पाच-सहा ठिकाणी प्रती द्याव्या लागतात. तेव्हा माझं सांगणं दोघांना आहे. पोरांनो, दुकानात येण्याआधी मजकूर वहीत लिहून आणा, दोस्ताची फाइल मागू नका. छापून झाल्यावर पानाच्या डाव्या कडेवर अंगठा आडवा ठेवून बघा. तो अक्षराला लागला तर समास कमी आहे, पैसे देण्याआधी बदलून मागा. आणि धंद्यातल्या भावांनो, बहिणींनो, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी नवी फाइल उघडताच लेआउटमध्ये जा. माप ए-फोर करा, डावीकडे अडीच सेंटिमीटर, बाकी तिन्ही बाजूंना दोन. या कामाला मिनिटभरही लागत नाही, आणि त्याचे जादा पैसे कुणी देत नाही. तरी ते करायचं, कारण गिऱ्हाइकानं आपल्याला त्याच कामाचे पैसे दिलेले असतात.